सोळावं बटण

झरीला येऊन माझं घर विचारलंत तर लोक माझं नाव सांगणार नाहीत. "तो गोधड्या भिंतीला टांगतो, तोच ना?" असं विचारतील आणि बोट दाखवतील. खोटं नाही ते. बायकोच्या माहेरहून आलेल्या अकरा गोधड्या माझ्या खोलीच्या चारी भिंतींना खिळे मारून लावलेल्या आहेत, म्हणजे आवाज घुमत नाही. पांघरायला आम्ही तलासरीच्या बाजारातली ब्लँकेटं वापरतो. या गोष्टीवरून सुरेखा, म्हणजे माझी बायको, गेली अठरा वर्षं मला बोलते आहे आणि मी गेली अठरा वर्षं घरी बसून बीट बनवतो आहे.

रॅप करणारी पोरं ज्याच्यावर बोलतात तो मागचा ठेका म्हणजे बीट. शब्द त्यांचे, खालची जमीन माझी. ऐकायला हे काम निरुपद्रवी वाटतं, मलाही वाटायचं. पण गेल्या वर्षी नव्या भाताच्या दिवशी याच कामापायी मी आमच्या पाड्यातली चाळीस माणसं, त्यात माझी बायको आणि घोलवडचे एक बागमालक, भर दुपारी एका फेरात अडकवून ठेवली. ती कशी अडकली नि कशी सुटली ते मला सांगायचं आहे. पण आधी धंदा समजावून सांगायला हवा, नाहीतर तुम्ही म्हणाल मधू थापा मारतो.

मला कुठलंही वाद्य वाजवता येत नाही. ढोलकीला हात लावला तर ढोलकीवाला उठून जातो. मी वाजलेलं कापतो. जुनी कॅसेट, लग्नातला बँड, दळणाची गिरणी, अच्छाडच्या नाक्यावर रांगेत उभ्या ट्रकचे हॉर्न, जे मिळेल ते रेकॉर्ड करायचं आणि त्यातला दोन-चार सेकंदांचा बरा तुकडा उचलायचा. धान्याचा व्यापारी पोत्यात हात घालून मूठभर भात नमुना म्हणून काढतो, तसंच. आमच्यात त्याला सॅम्पल म्हणतात. तोच तुकडा पुन्हा पुन्हा एकापुढे एक जोडला की त्याचं चाक होतं, त्याला लूप म्हणतात. चाकाखाली ढोलाचा ठोका घातला की बीट तयार. एवढंच आहे. बाकी सगळं कान आणि पाठदुखी.

हत्यारं मात्र बदलत गेली. तलासरी नाक्यावर मोबाइलच्या दुकानात मी लोकांच्या मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचो, तेव्हा दुकानाच्या माळ्यावर दोन कॅसेटचा एक टेप धूळ खात पडला होता. पॉजचं बटण दाबत-सोडत मी त्याच्यावर पहिला लूप केला. चार मिनिटांच्या लूपला दोन दिवस लागले आणि अंगठा सुजला. मग कॉम्प्युटर आला, त्यावर फुकटचं सॉफ्टवेअर आलं. ते दर अर्ध्या तासाने बंद पडायचं, पण त्याच्या पडद्यावर आवाज डोंगराच्या रांगेसारखा दिसायचा आणि कुठे कापायचं ते डोळ्यांना कळायचं. मोबाइलवरचं अ‍ॅपही वापरून पाहिलं. त्यात सगळं आपोआप होतं, म्हणून माझं मन लागलं नाही. शेवटी वापीच्या एका डीजेने धंदा बंद केला तेव्हा त्याच्याकडून सोळा बटणांचा डबा घेतला. चार ओळी, ओळीत चार बटणं. रबराची चौकोनी बटणं, प्रत्येकात एक तुकडा भरून ठेवायचा आणि बोटाने मारायचं. मारलं की तो तुकडा वाजतो. या डब्याइतकं प्रेम मी फार कमी माणसांवर केलं आहे, आणि हे सुरेखाला माहीत आहे.

गाणाऱ्याचा आवाज घ्यायला शहरात काचेची खोली असते. आमच्याकडे कणगी आहे. बांबूच्या कामट्यांची, शेणामातीने लिंपलेली, माणसाच्या उंचीची, भात साठवायची. आतून तिच्याइतकी शांत जागा अख्ख्या तालुक्यात नाही. वरून माइक सोडायचा, रॅपरला स्टुलावर चढवून आत उतरवायचा. फक्त एक अडचण. भात झोडून झाला की कणगी भरते आणि ती रिकामी होईपर्यंत माझ्याकडे कोणाला गाता येत नाही. तेव्हा मी नुसते बीट बनवतो. उंबरगावचा एक रॅपर होता, दोन्ही हात हवेत उडवल्याशिवाय त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. कणगीत हात उडवायला जागा नाही. बिचारा हात अंगाशी धरून आपल्या बंडखोरीबद्दल बोलत होता आणि दर दोन ओळींनी तुसामुळे शिंकत होता. गाणं काही झालं नाही, पण त्याची शिंक मी ठेवली. टाळीच्या जागी ती इतकी चपखल बसते की माझ्या निदान वीस बीटमध्ये ती आहे. तो आता विमा विकतो. माझ्याकडे आला की म्हणतो, "मधुभाई, माझं काही चालू आहे का?" मी म्हणतो, "रोज चालू आहे."

आता लखमाकाकांकडे येतो.

लखमाकाका आमच्या पाड्याचे तारपावाले. तारपा म्हणजे दुधी भोपळा वाळवून, त्याला बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानाचा लांब भोंगा मेणाने जोडून केलेलं फुंकायचं वाद्य. काका तो स्वतः बनवायचे. वाजवायला लागले की थांबत नसत, म्हणजे श्वास घ्यायलाही थांबत नसत. गालांत हवा धरून नाकाने श्वास ओढायचे, त्यामुळे सूर कुठे तुटायचा नाही. आमच्याकडे नाचणारे तारप्याच्या सांगण्याने चालतात. तारप्याने सूर बदलला की पावलं बदलायची, उलटा सूर दिला की फेर उलटा फिरवायचा. तारप्याकडे पाठ करायची नाही. आणि नव्या भाताच्या दिवशीचा जो पहिला फेर, त्यात एकदा हात धरला की तारप्याने फेर मिटवायचा सूर दिल्याशिवाय कोणी हात सोडायचा नाही. सोडला तर त्या घरात वर्षभर भात टिकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेराला या, जा, पाणी प्या, कोणी विचारत नाही. पहिल्याचं तेवढं कडक असतं.

सहा वर्षांपूर्वी मी एका सकाळी काकांच्या अंगणात माइक मांडला. काकांनी दोन तास वाजवलं. मी दर वेळी म्हणायचो, "काका, अजून एकदा." ते पुन्हा वाजवायचे. नवव्यांदा म्हटल्यावर त्यांनी तारपा मांडीवर ठेवला, माइककडे बघितलं आणि म्हणाले, "झालं. जा आता घरी, भाकर खा."

घरी आलो, भाकर खाल्ली आणि कापायला बसलो. दोन तासांतले आठ सेकंद मला हवे होते. ते पंधरा तुकडे करून डब्याच्या पंधरा बटणांत भरले. सोळावं रिकामं होतं, त्यात गंमत म्हणून काकांचं ते वाक्य टाकलं. कॉम्प्युटरची जागा भरत आली होती, म्हणून राहिलेले दोन तास मी उडवले. आमच्या धंद्यात हीच सवय असते, चांगलं तेवढं ठेवायचं आणि बाकी कचरा समजायचा. आज विचाराल तर माझ्या कामाच्या आयुष्यात याहून मोठी चूक मी केलेली नाही.

बीट बनवणारा माणूस बीटच्या सुरुवातीला आपली खूण ठेवतो, म्हणजे कोणी चोरला तर कळावं. कोणी आपलं नाव घालतं, कोणी कुत्र्याचं भुंकणं. मी सोळावं बटण घातलं. त्यामुळे या पट्ट्यातल्या प्रत्येक रॅपच्या सुरुवातीला एक म्हातारा माणूस ऐकणाऱ्याला सांगतो, "झालं. जा आता घरी, भाकर खा." आणि मग गाणं सुरू होतं. पोरांना हे फार आवडलं. अच्छाडच्या एका धाब्यावर मात्र माझी गाणी बंद झाली, कारण ट्रकवाले जेवायला बसले की स्पीकर त्यांना उठवायचा.

पण खरा घोटाळा घोलवडला झाला. तिथले बापूसेठ चिकूच्या बागेचे मालक. पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला वेग यावा म्हणून त्यांना बीट हवा होता. त्यांनी मला शेडमध्ये उभं केलं आणि चुटक्या वाजवून वेग दाखवला. "मधुभाई, एवढा फास्ट पाहिजे. बायकांचे हात असे चालले पाहिजेत. ट्रक टाइमवर निघायला मांगता." मी बनवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बायका कामाला बसल्या आणि सेठनी मोठ्या हौसेने बीट लावला. स्पीकरमधून आवाज आला, "झालं. जा आता घरी, भाकर खा." शेडमधल्या बायकांपैकी निम्म्या आमच्या बाजूच्या, लखमाकाकांचा आवाज ओळखणाऱ्या. वडीलधाऱ्या माणसाने जा म्हटलं, त्या उठल्या, हात धुतले आणि निघाल्या, बाकीच्या त्यांच्यामागे.

सेठचा फोन आला तेव्हा मी खिळा मारत होतो. "अरे मधुभाई, आ शुं कर्युं तमे? मारी आखी शेड खाली थई गई!"

मी धावत घोलवड गाठलं. बायकांची मुकादम जमनामावशी फाटकाशी पान खात बसली होती. मी म्हटलं, "मावशी, ते गाण्यातलं होतं, खरं नव्हतं."

"माना काय ठावं गाण्यातलं का खरं," ती म्हणाली. "लखमा बोलला ना? मंग झालं." मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "आनी ऐक, तो ठेका जरा सावकाश कर. चिकू नरम असतो, दाबला की डाग पडतो. सेठला नाय कळायचं."

मी खूण काढली आणि ठेका थोडा सावकाश केला. पुढे दर महिन्याला मावशी निरोप पाठवायची आणि मी आणखी थोडा सावकाश करायचो. वर्षभरात शेडचं गाणं अंगाईच्या वेगाला आलं. चिकूवरचे डाग मात्र कमी झाले आणि सेठना वाटलं की ही बीटचीच करामत आहे. तेव्हापासून ते मला मानतात आणि कुठेही बोलावलं की येतात. नव्या भाताच्या दिवशी आले ते असेच.

गेल्या पावसात लखमाकाकांचा दमा वाढला. तलासरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता फुंकायचं नाही, फुंकलंत तर जीवावर बेतेल. काकांनी तारपा घरातल्या मेढीच्या खांबाला टांगला आणि खाटेवर येऊन बसले. त्यांच्यासारखं वाजवणारा पाड्यात दुसरा कोणी नाही. दुसऱ्या पाड्यातून कोणाला आणावं तर नव्या भाताचा दिवस सगळीकडे त्याच आठवड्यात असतो. भात कापून झाला होता, दिवस जवळ आला होता, आणि तारप्याशिवाय फेर धरता येत नाही. फेर नाही तर नवा भात तोंडात घालायचा कसा, हा प्रश्न होता.

तेव्हा बारक्या माझ्याकडे आला. बारक्या म्हणजे फेराच्या पुढे घुंगरांची काठी आपटत चालणारा. नाचाचे नियम तो सांगेल ते.

"मधू, तुझ्या डब्यात लखमाचा तारपा हाय ना?"

"आहे," मी म्हटलं. छाती इतकी फुगली की विचारू नका. अठरा वर्षांत पाड्याने पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं. "किती हाय" हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

काकांना विचारायला आम्ही दोघे गेलो. त्यांनी टांगलेल्या तारप्याकडे बघितलं. मग म्हणाले, "वाजवा. फेर मोडता कामा नये. माझ्यापायी मोडला तर माना नाय सहन होणार." एवढं बोलतानाही त्यांना दोनदा थांबावं लागलं.

मी घरी येऊन त्या आठ सेकंदांचं चाक केलं आणि ते दोन तास लांब केलं. एकदाही जोड ऐकू येत नव्हता. मला माझ्या कारागिरीचा फार अभिमान वाटला.

दिवस उजाडला. दुपारी तीनच्या सुमाराला देवाला नवा भात दाखवून झाला. चाकं असलेला मोठा बॅटरीचा स्पीकर मी अंगणाच्या मधोमध उभा केला आणि सोळा बटणांचा डबा त्याला जोडला. लखमाकाकांची खाट कडेला आणून ठेवली होती. चाळीस माणसांनी कमरेत हात घालून साखळी केली. बारक्या पुढे, त्याच्यामागे सुरेखा, तिच्यामागे शाळेचे मास्तर. बापूसेठना फोटो काढून घ्यायचा होता. "दोन मिनिट," म्हणत ते मधे शिरले आणि दोन्हीकडच्यांनी त्यांच्या कमरेत हात घातले. मी बटण दाबलं.

काय सांगू, काकांचा तारपा अंगणभर घुमला. म्हाताऱ्या बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. फेर डावीकडे निघाला, बारक्याची काठी खळखळली आणि मी मनात म्हटलं, मधू, आज तू कमावलंस.

पहिली दहा मिनिटं झकास गेली. विसाव्या मिनिटाला बारक्या माझ्याकडे बघायला लागला. तारपा सूर बदलेल म्हणून तो वाट बघत होता. सगळेच वाट बघत होते. पण चाकाला बदल माहीत नसतो. तेच आठ सेकंद, तेच डावीकडे, तेच पाऊल. मला हेही कळलं की दोन तासांच्या त्या चाकात मिटवायचा सूरच नाही. तो मी सहा वर्षांपूर्वी उडवला होता.

अर्ध्या तासाने शाळेचे मास्तर लंगडायला लागले. सुरेखा माझ्यासमोरून जाताना दर वेळी एक वाक्य टाकून पुढे सरकायची. पहिल्या वेळी, "अहो, बदला की!" दुसऱ्या वेळी, "चुलीवर भात आहे!" तिसऱ्या वेळी, "तो करपला!" बापूसेठचा रुमाल खिशात होता, पण हात मोकळे नव्हते, घाम डोळ्यांत जात होता. बाहेर त्यांचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

मी डोकं चालवलं. आवाज हळूहळू कमी केला, म्हटलं विरत गेला की आपोआप थांबतील. तर तारपा लांब चालला असं समजून अख्खा फेर स्पीकरच्या जवळ जवळ यायला लागला, शेवटी चाळीस माणसं माझ्या अंगावर आली. मी घाबरून आवाज वाढवला, तर नाच जोरात सुरू झाला. मग मला वाटलं, स्पीकरच इथून न्यावा. चाकं होतीच. डबा काखेत मारला आणि स्पीकर ओढत अंगणाबाहेर निघालो. मागे वळून बघतो तर साखळी माझ्यामागे. तारपा जाईल तिकडे जायचं, लहानपणापासून शिकवलेलं. मी पुढे, मागे बारक्या काठी आपटतो आहे, मागे मास्तर, मागे बापूसेठ, सगळी वरात हातपंपाला वळसा घालून, सेठच्या गाडीभोवती एक फेरी मारून पुन्हा अंगणात आली. ड्रायव्हरने हात जोडले, त्याला वाटलं ही गाडीची पूजा आहे.

शेवटी धीर सुटला आणि मी बंदचं बटण दाबलं.

एकदम शांतता. चाळीस माणसं एक पाय पुढे टाकून जागच्या जागी उभी राहिली. मास्तरांचा हात सुटत होता, तेवढ्यात बारक्या ओरडला, "सोडू नका! तारपा मिटला नाय, तुटला हाय!"

कोणी हात सोडला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. अख्ख्या पाड्याचा वर्षाचा भात माझ्या डोक्यावर होता. हसू नका, मीही त्याच पाड्यातला आहे. माझ्याही कणगीत तोच भात जाणार होता. मी स्पीकरशेजारी उभा होतो आणि आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"मधू," खाटेवरून काकांचा आवाज आला, "आथं ये. तो डबा आन."

मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. वायर लांब होती. काका म्हणाले, "ह्यात मी कठं हाय?"

मी सांगितलं. पंधरा बटणं, पंधरा तुकडे. त्यांनी एक बोट पुढे केलं, चिकू पिकला का बघतात तसं एक बटण दाबलं. स्पीकरमधून त्यांचाच एक सूर निघाला. त्यांनी बोट उचललं, दुसरं दाबलं. तिसरं. चौथ्याला मान हलवली. पंधराही बटणं त्यांनी एकदा ऐकली, एकाही बटणाला दोनदा हात लावला नाही. मग दोन्ही हात डब्यावर ठेवले, बोटं जराशी वाकवून, तारप्याच्या नळ्यांवर ठेवायचे तशी.

आणि वाजवायला लागले. मी ज्या तुकड्यांचं चाक केलं होतं, त्यांतून त्यांनी चाल काढली. मागचा सूर पुढे, पुढचा मागे, दोन सुरांची गाठ. इतकी वर्षं मी हा डबा वाजवतो आहे आणि या बटणांत हे होतं हे मला माहीत नव्हतं. सूर उलटला. बारक्याने काठी आपटली, फेर उजवीकडे फिरला आणि चाळीस जणांच्या तोंडून एकदम "हां!" असं निघालं. मास्तर लंगडणं विसरले. बापूसेठसुद्धा बरोबर पावलावर वळले. काकांना फुंकावं लागत नव्हतं, दम लागत नव्हता. सहा वर्षांपूर्वीचा त्यांचा श्वास त्या डब्यात होता आणि ते बोटांनी तो वापरत होते. मला रडू आलं, मी डोळे पुसले नाहीत.

तीनदा त्यांनी चाल बदलली. मग मला खुणेने जवळ बोलावलं, बोटं चालूच होती. "मिटवायचा सूर कंचा?"

"तो नाही, काका."

"नाय म्हंजे?"

"तो मी उडवला. जागा नव्हती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "दोन तास वाजवलेलं, ते सगळं?"

"आठ सेकंद ठेवले."

काकांची बोटं मंदावली. फेर मंदावला. चाळीस माणसं पुन्हा वाट बघायला लागली. काका बटणांवरून हात फिरवत शोधत होते, जे नव्हतं ते. कोपऱ्यातलं शेवटचं बटण राहिलं होतं. मी सांगायच्या आत त्यांनी ते दाबलं.

"झालं. जा आता घरी, भाकर खा."

अंगणभर त्यांचाच आवाज, सहा वर्षांपूर्वीचा, दम न लागलेला. बारक्याने खाटेकडे बघितलं. मग त्याने काठी जमिनीवर जोरात आपटली आणि ओरडला, "तारपावाल्यानं सांगितलं! मिटला!"

हात सुटले. लोक हसत खाली बसले, कोणी पाण्याकडे धावलं, सुरेखा चुलीकडे. बापूसेठ माझ्यापाशी आले, घाम पुसला आणि म्हणाले, "आ तो पेलो ज माणस छे!" शेड रिकामी करणाऱ्या त्याच माणसाचा आवाज आज त्यांनाही सोडवून गेला होता, त्यामुळे त्यांनी जुनं सगळं माफ केलं. करपलेला नवा भात सगळ्यांनी मिळून खाल्ला.

काका डबा मांडीवर घेऊन तसेच बसले होते. म्हणाले, "हा माझाच आवाज?"

"तुमचाच."

"जोर होता रे," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा ते बटण दाबून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत आमच्या घरी आले. फुंकायला बंदी होती, तोंडाने सूर म्हणायला नव्हती. मी त्यांना धरून कणगीत उतरवलं, स्टुलावर बसवलं, माइक सोडला. वाकायचा सूर, उलटायचा सूर, पेरणीचा, लग्नाचा, मिटवायचा, आजोबांनी शिकवलेला एक सूर जो त्यांनी कधी कोणासमोर वाजवलाच नव्हता, सगळं ते तेव्हापासून रोज तोंडाने म्हणतात, मधे खोकतात, मधे विसरतात, बारक्याला दोन शिव्या घालतात. यातला एक सेकंदही मी कापलेला नाही. खोकलासुद्धा ठेवला आहे. यंदा आमचा भात पोत्यांत आहे, कारण कणगी रिकामी नाही. सुरेखाने ते स्वतःहून केलं आणि मला एक शब्द बोलली नाही.

कॉम्प्युटरची जागा पुन्हा भरत आली आहे. आता रोज संध्याकाळी मी माझा एक जुना बीट उडवतो. शिंकेवाला गेला, हॉर्नवाला गेला, परवा बापूसेठचा अंगाईवाला गेला. आणि रोज सकाळी तास-दीड तासाने काकांना दम लागायला लागतो, तेव्हा मी कणगीच्या तोंडाशी वाकून म्हणतो, "झालं काका. जा आता घरी, भाकर खा."

आतून आवाज येतो, "अजून एकदा."